पुढचं चाक डुगडुगतंय? आधी कोन तपासा

सायकल उभी करून पुढचं टायर वरून धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. हाताला टक-टक लागलं तर समजा, हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) कोन, म्हणजे छर्‍यांना टेकणारे आसावरचे निमुळते नट, सैल झालेत.

सायकलचा आस फिरत नाही, एवढं आधी लक्षात घ्या. तो फोर्कमध्ये (चाक धरणार्‍या दोन पायांच्या दांड्यात) घट्ट आवळलेला असतो. फिरतो तो हब, छर्‍यांवरून. साध्या पुढच्या हबमध्ये बहुधा दर बाजूला ३/१६ इंची १० छर्रे असतात.

चाक काढा. पातळ कोन-पान्याने (बहुतेकदा १३ मिमी) कोन धरा, दुसर्‍या पान्याने लॉकनट (कोन जागेवर धरून ठेवणारा बाहेरचा नट) सोडवा आणि कोन काढा. खाली जुना टॉवेल हवाच. पहिल्या वेळी मी तो घातला नव्हता आणि एका छर्‍यासाठी अर्धा तास कपाटाखाली लोळत होतो.

सगळं पुसा. कोनावर छर्रे फिरतात तिथे नख फिरवून बघा. खड्डे लागले तर कोन बदला, ग्रीसने ते भरत नाहीत. नवं ग्रीस भरपूर भरा, छर्रे त्यातच चिकटून बसतात.

आता खरी कटकट. कोन बोटांनी टेकेपर्यंत फिरवा, किंचित मागे घ्या, तिथेच धरून लॉकनट आवळा. आवळताना कोन हमखास थोडा सरकतो. मला अजूनही तीन-चार वेळा करावं लागतं. आस चिमटीत फिरवा: खरखर म्हणजे जास्त घट्ट, खुळखुळ म्हणजे सैल. क्विक-रिलीजचं (पान्याऐवजी लिव्हरने आवळायचं) चाक असेल तर केसभर खुळखुळ मुद्दाम ठेवा. लिव्हर दाबल्यावर आस किंचित दबतो आणि ती जाते.