अमेरिकेत पोलिसांनी फोन मागितला तर

अमेरिकेत पोलिसांनी तुमचा मोबाइल मागितला, तर आधी न्यायालयाचे वॉरंट आहे का, हे विचारावे. रायली विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये एकमताने ठरवले, की अटक झालेल्या माणसाच्या खिशातला फोन पोलिसांना ताब्यात घेता आला, तरी त्यातला मजकूर चाळण्यासाठी राज्यघटनेच्या, अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या चौथ्या दुरुस्तीनुसार सर्वसाधारणपणे वॉरंट लागते. फोन आणि कव्हर यांच्यामध्ये ब्लेड लपवलेले नाही ना, एवढे ते पाहू शकतात. फोटो आणि संदेश नाहीत. कोणाच्या जिवावर बेतलेली तातडीची परिस्थिती मात्र अपवाद ठरते.

खरी गफलत होते ती संमतीत. ‘जरा बघू का?’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला मान डोलावून फोन उघडून दिला, की वॉरंटची गरजच उरत नाही. म्हणून आवाज न चढवता, स्पष्ट शब्दांत सांगावे : ‘मी झडतीला संमती देत नाही.’ तरीही फोन घेतलाच, तर झटापट करू नये आणि मजकूर तर मुळीच पुसू नये. हरकत सांगून पुढचे वकिलावर सोपवावे. वॉरंट दाखवले, तर त्यात कोणता फोन आणि कोणती माहिती नमूद आहे, ते वाचून घ्यावे.

पासकोड सांगण्याची सक्ती करता येते का, यावर तिथल्या न्यायालयांत मतभेद आहेत आणि बोटाच्या ठशाला अनेक न्यायालयांनी तेवढेही संरक्षण दिलेले नाही. त्यामुळे ठशाची सोय बंद करून लांब पासकोड ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. परदेशातून येताना विमानतळावर होणाऱ्या सीमातपासणीत मात्र अधिकारी वॉरंटशिवायही फोन पाहतात.