वकील न लावता घटस्फोटाचा अर्ज करताय? या चुका टाळा

नवरा-बायकोने स्वतः उभं राहून आपलं म्हणणं मांडावं, याच कल्पनेवर 1984 चा कौटुंबिक न्यायालय कायदा बेतलेला आहे. त्याच्या कलम 13 प्रमाणे तिथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्कसुद्धा नाही, न्यायालय परवानगी देतं म्हणून वकील उभे राहतात. तरी कोल्हापुरात बहुतेकांची समजूत अशी, की वकीलपत्राशिवाय फायलिंगला कागदच घेत नाहीत. घेतात. मराठीत लिहिलेला अर्जही चालतो. अडतं ते अर्धवट ठरलेल्या आणि मोघम लिहिलेल्या गोष्टींमुळे.

पुढचं सगळं परस्पर संमतीच्या घटस्फोटाबद्दल आहे, म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम 13-ब. जैन, बौद्ध, लिंगायत, शीख जोडप्यांनाही हाच कायदा लागतो. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न झालं असेल तर त्यातलं कलम 28 वापरायचं. एकाला घटस्फोट हवा आणि दुसऱ्याला नको असेल, तर मात्र साक्षीपुरावा आणि उलटतपासणी आली. तिथे एकट्याने उतरू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 15100 या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

स्टॅम्पपेपरवरची फारकत

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दोन्हीकडची चार माणसं बसतात, पाचशेच्या स्टॅम्पवर 'आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही' असं लिहून घेतात, नोटरीचा शिक्का बसतो आणि सगळे सुटलो म्हणून घरी जातात. त्या कागदाने लग्न मोडत नाही. काही समाजांतल्या रूढीच्या काडीमोडीला कायद्याच्या कलम 29 मध्ये जागा आहे, पण ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. नुसतं 'आमच्यात चालतं' म्हणून भागत नाही. अशा कागदाच्या भरवशावर कोणी दुसरं लग्न केलं तर ते कायद्याने रद्दबातल, शिवाय गुन्हा. आणि त्याची झळ बसते नव्याने घरात आलेल्या बाईला, जिचा यात काहीच दोष नसतो.

कोर्ट कुठलं?

ऑगस्ट 2025 मध्ये सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून 'आता सगळं तिथेच' असा समज पसरला आहे. ते मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, घटस्फोटाचा पहिला अर्ज तिथे दाखल होत नाही. तो कौटुंबिक न्यायालयात जातो. ज्या भागाला कौटुंबिक न्यायालयाची हद्द लागू नाही, तिथे तो वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात द्यायचा. इचलकरंजी, गडहिंग्लजकडच्या लोकांनी कागद टाईप करण्याआधी आपली हद्द विचारून घ्यावी, कारण शीर्षकात न्यायालयाचं नाव चुकलं की अर्ज नव्याने करावा लागू शकतो.

लग्न जिथे लागलं, दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिले, समोरचा पक्ष जिथे राहतो, किंवा पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या जिथे राहते, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. लग्न सांगलीत, संसार पुण्यात आणि मुलगी आता माहेरी कोल्हापुरात असेल, तर कोल्हापुरात अर्ज करायला हरकत नाही. फक्त इथल्या पत्त्याचा पुरावा हवा.

तारखा आणि नावं

अर्ज दाखल करताना दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. 'बऱ्याच दिवसांपासून विभक्त आहोत' असं लिहू नका, तारीख लिहा. आणि ती तारीख आधीच्या कागदांशी जुळवून बघा. पोटगीच्या अर्जात 'मार्च 2024 ला घरातून हाकललं' असं लिहिलेलं असतं आणि संमतीच्या अर्जात 'जानेवारी 2023 पासून वेगळे'. न्यायाधीशांच्या नजरेतून हे सुटत नाही. एकाच घरात राहूनही नवरा-बायकोचं नातं संपलेलं असू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आहे. पण मग तसंच, खरं, सविस्तर लिहा.

नावांचा घोळ आपल्याकडे तर घरोघरी. आधार कार्डावर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. अर्जात दोन्ही नावं 'ऊर्फ' लावून लिहा, म्हणजे पुढे पासपोर्ट किंवा बँकेत अडणार नाही. लग्नाची नोंदच झाली नसेल तर लग्नपत्रिका, फोटो आणि प्रतिज्ञापत्र जोडतात. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद पुरतो. घटस्फोटाच्या कामात महिलांना कोर्ट फीही माफ आहे. बाहेर कोणी या दोन गोष्टींसाठी पैसे मागितले तर देऊ नका.

'सर्व व्यवहार मिटले आहेत'

हे एक वाक्य लिहून लोक मोकळे होतात आणि पुढची पाच वर्षं भांडतात. संमतीच्या अटी हाच या अर्जाचा गाभा आहे, त्यावर हवे तितके दिवस घाला.

पैशांपासून सुरू करा. एकरकमी किती, कुठल्या तारखेला, कशाने. रोख देऊ-घेऊ नका. डीडी किंवा बँकेतून भरणा करा आणि तो क्रमांक अटींत घाला. रक्कम दोन टप्प्यांत ठेवणं दोघांच्या हिताचं: काही अर्जाच्या वेळी, उरलेली अंतिम जबाबाच्या दिवशी. स्त्रीधनाची यादी वजनासकट करा. 'दागिने परत केले' पेक्षा 'कोल्हापुरी साज, 2 पाटल्या, कानातले, एकूण इतके ग्रॅम, अमुक तारखेला मिळाले, सही' असं लिहिलं की वाद राहत नाही.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गुंता असतो. कारखान्याला ऊस बायकोच्या नावावर नोंदवलेला, दूध संस्थेचं खातं तिचं, आणि पतसंस्थेच्या कर्जाला ती जामीन. घटस्फोट झाला म्हणून जामीनकी सुटत नाही, कारण संस्था तुमच्या अटींना बांधील नसते. कर्ज फेडा, नाहीतर जामीनदार बदलून संस्थेचं पत्र घ्या, आणि तेही हुकूमनाम्याच्या, म्हणजे न्यायालयाच्या घटस्फोटाच्या अंतिम आदेशाच्या, आधी.

मुलांबद्दल 'आईकडे राहतील, वडील भेटू शकतील' एवढं पुरत नाही. कुठला वार, किती वाजता, कुठे. 'दर दुसऱ्या रविवारी सकाळी 10 ते संध्याकाळी 6, रंकाळ्याजवळच्या आजीच्या घरी. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला निम्मा भाग वडिलांकडे' असं लिहिलं की पोराला दर वेळी दोघांचं फोनवरचं भांडण मिटायची वाट बघावी लागत नाही. शाळेची फी, दवाखाना, पुढचं शिक्षण कोण करणार तेही ठरवा. आईने 'मला मुलासाठी काही नको' असं लिहून दिलं तरी मुलाचा पोटगीचा हक्क जात नाही. रागाच्या भरात असलं वाक्य घालू नका.

आधीच्या केसेस आपोआप मिटत नाहीत. पोटगीचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज त्या त्या न्यायालयात पुरशिस (अर्ज पुढे चालवायचा नाही असं लेखी निवेदन) देऊन काढून घ्यावा लागतो. 498-अ चा, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळ केल्याचा, गुन्हा (जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85) असेल तर तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि आता त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, सर्किट बेंच इथेच आहे. या एका कामापुरता वकील जरूर घ्या.

दाखल केल्यानंतर

अर्ज दिला की काम संपलं असं समजून लोक पुण्या-बंगळुरूला नोकरीवर निघून जातात. विवाह समुपदेशकांकडची तारीख चुकवू नका. तिथे भांडणाचा इतिहास उगाळायची गरज नाही, निर्णय स्वतःच्या मर्जीने घेतलाय का एवढं शांतपणे सांगा.

अर्जाच्या तारखेपासून 6 महिन्यांनी आणि 18 महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती कायम असल्याचं सांगायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालानंतर 6 महिन्यांची मुदत माफ होऊ शकते. त्यासाठी दीड वर्षाहून जास्त काळ वेगळं राहिलेलं असणं, समेटाचे प्रयत्न संपलेले असणं, आणि पैसे-मुलं यांचं सगळं ठरलेलं असणं लागतं. मुदतमाफीचा वेगळा अर्ज करा. न मागता ती मिळत नाही. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून सगळी रक्कम आधीच देऊन बसू नका आणि घरात लग्नाची बोलणीही सुरू करू नका.

प्रकरणाचा 16 अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक जपून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख दिसते. पण तारखेला हजर होऊनही पुकाऱ्याच्या वेळी चहाला गेलात तर रोजनाम्यात 'गैरहजर' लागतं.

हुकूमनामा झाला की प्रमाणित प्रतीसाठी त्याच आठवड्यात अर्ज करा, एकाऐवजी तीन-चार नकला मागा. पासपोर्ट, बँक, विमा, रेशन कार्ड, प्रत्येक ठिकाणी तीच मागतात. सातबारावरचं किंवा फ्लॅटवरचं नाव त्या कागदाने बदलत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र आणि मग फेरफार हे काम वेगळं करावं लागतं. त्याची तारीखही अटींमध्येच लिहून ठेवा, म्हणजे घटस्फोटानंतर एका सहीसाठी कोणाच्या मागे फिरावं लागणार नाही.