‘पहिला भाग कुठे मिळेल?’

माझ्या फँटसी कादंबरीबद्दल हा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. खरं उत्तर म्हणजे, कुठेच नाही. हजार प्रती संपल्या, दुसरी आवृत्ती निघाली नाही, आणि ती दुसरीकडून काढायची मला सोय नाही. दुसरा भाग लिहून तयार आहे, पण पहिलाच बाजारात नसताना तो कोण छापणार? सामाजिक कादंबरी लिहिणाऱ्याचं एक पुस्तक अडकलं तर एकच अडकतं. आपण फँटसीवाले तीन-तीन भागांचं जग रचून बसतो.

झालं असं. सकाळच्या मुलुंड लोकलमध्ये मोबाइलवर टाइप करत चार वर्षांत कादंबरी पुरी केली. दोन प्रकाशकांनी ‘बालसाहित्यात टाकूया का?’ असं विचारलं (तिसऱ्याच प्रकरणात राजाचं मुंडकं उडतं हो!), तिसऱ्याने होकार दिला. गिरगावात दोन जिने चढून गेले. टेबलावर चहा आणि एक पानी पत्र: ‘सदर पुस्तकाचे सर्व हक्क कायमस्वरूपी’. मी ‘सर्व’ वाचलं, ‘कायमस्वरूपी’ही वाचलं, आणि चहा गार व्हायच्या आत सही केली. लपवलं कुणी काही नव्हतं.

आता जरा ताणते, पण वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं १९ वं कलम लेखकाच्या बाजूचं आहे. करारात मुदत लिहिलीच नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. दिलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही, आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नाही, तर तो परत येतो. म्हणजे त्या पत्रात मुदतीच्या जागी काहीच नसतं तरी मी वाचले असते! ‘कायमस्वरूपी’ या एका शब्दाने पाच वर्षांचा आधार गेला. छपाईचा हक्क त्यांनी एकदा वापरला, त्यामुळे वर्षाची अटही तिथे कामाला येईना. ऑडिओबुकच्या हक्काला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. त्यावर सध्या वकिलामार्फत पत्रापत्री चालू आहे.

म्हणून मुदत आकड्यात लिहून घ्या, तीन किंवा पाच वर्षं. हक्क एका आवृत्तीचे, प्रतींचा आकडा घालून. ‘प्रती संपल्यावर सहा महिन्यांत पुनर्मुद्रण न झाल्यास हक्क लेखकाकडे परत’ हे वाक्य घालाच. ऑडिओ, भाषांतर, वेबसिरीज या प्रत्येकाची वेगळी ओळ. पुढचे भाग आणि तुमची पात्रं तर त्या कागदाच्या आसपासही नकोत. प्रकाशक नाराज होईल का? होतो थोडा, मग दुसरा चहा मागवतो. माझ्या मैत्रिणीने तीन ओळी खोडल्या, पुस्तक तरी आलंच.

पैशाचं एकदा सांगून मोकळी होते. किंमत ३०० रुपये, मानधन १० टक्के, हजारच्या हजार प्रती खपल्या तर ३०,००० रुपये. चार वर्षांचे! टक्के छापील किमतीवर की सवलत वजा करून, तेही विचारा. नोकरी सोडू नका.

लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते बदलणार नाही. घरातल्या पलंगाखाली गठ्ठे बघितलेत मी लोकांच्या. ‘आधी वास्तववादी लिही, मग हे’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांना नमस्कार करावा आणि पुढची लोकल पकडावी. मला खरा धडा दिला तो मुद्रितशोधक काकांनी. माझ्या ‘तिमोल’ नगरीचं त्यांनी इमानेइतबारे ‘तिमिर’ करून ठेवलं होतं, दोनशे पानभर. त्यांची काय चूक? तेव्हापासून हस्तलिखितासोबत बनवलेल्या नावांची यादी देते, ऱ्हस्व-दीर्घासकट.

घाबरवायला नाही लिहिलं हे. दादरला एका दुकानात एक कॉलेजची मुलगी माझ्या पुस्तकातला नकाशा बोटाने गिरवत उभी होती. दहा मिनिटं. मी शेजारी पाकशास्त्राची पुस्तकं चाळल्याचं नाटक करत होते. त्या दहा मिनिटांवर मी दुसरा भाग लिहिला.

काल पुन्हा एकीचा मेसेज आला. माझ्याकडे तीन प्रती उरल्या होत्या. संध्याकाळी दादरच्या पुलावर तिला एक नेऊन दिली. आता दोन आहेत.