अरब, तुर्क आणि ज्यू राष्ट्रवादाचा इतिहास कसा वाचावा : १९०८ ते १९२३ या काळासाठी एक अभ्यासपद्धती

पश्चिम आशियातील संघर्षाबद्दल मराठीत होणारी चर्चा बहुधा १९४८ पासून सुरू होते, आणि दूरचित्रवाणीवरची चर्चा तर गेल्या आठवड्यापासून. त्यामुळे अरब, तुर्क आणि ज्यू हे तीन समाज जणू अनादी काळापासून आजच्याच रूपात एकमेकांसमोर उभे आहेत, असा समज होतो. हा समज दूर करायचा असेल, तर वाचनाची सुरुवात जुलै १९०८ मध्ये करावी. त्या महिन्यात राज्यघटना परत मागणाऱ्या ‘तरुण तुर्क’ गटाच्या क्रांतीमुळे ऑटोमन (उस्मानी) साम्राज्याचा सुलतान अब्दुल हमीद दुसरा याला तीस वर्षे गुंडाळून ठेवलेली राज्यघटना पुन्हा लागू करावी लागली. जेरुसलेमचा अरबी बोलणारा मुसलमान, सॅलोनिकाचा ज्यू आणि अनातोलियाचा तुर्क हे तिघेही त्या वेळी कायद्याने ऑटोमन नागरिक होते, आणि त्यांतल्या अनेकांना तसे म्हणवून घेण्यात अभिमानही वाटत होता. दोस्त राष्ट्रे आणि नवा तुर्कस्तान यांच्यात झालेल्या १९२३ च्या लोझान तहापर्यंत ते नागरिकत्वच नाहीसे झाले. या पंधरा वर्षांत नेमके काय घडले, ते घडले त्याच क्रमाने वाचणे, ही या पद्धतीची मुख्य अट आहे. पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक असते, पण त्या काळातल्या माणसांना ते ठाऊक नव्हते, याचे भान प्रत्येक पानावर ठेवावे लागते.

आधी माणसे, मग पक्ष

संघटनांच्या आणि गुप्त मंडळांच्या याद्या पाठ करण्याआधी तीन माणसांची चरित्रे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. ही निवड माझी आहे आणि ती हेतुपुरस्सर केलेली आहे.

पहिला साती अल-हुसरी. मूळच्या अलेप्पोच्या कुटुंबातील ऑटोमन अधिकाऱ्याच्या घरी त्याचा येमेनमधील सना येथे जन्म झाला. तो इस्तंबूलमध्ये नावाजलेला शिक्षणतज्ज्ञ झाला आणि अरबीपेक्षा तुर्की अधिक सफाईने बोलत असे. साम्राज्य टिकावे यासाठी तो महायुद्ध संपेपर्यंत झटला. पुढे मात्र इराकच्या शिक्षणखात्यात बसून त्यानेच अरब राष्ट्रवादाची तात्त्विक मांडणी केली, आणि ती अनेक पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांत गेली. दुसरा मोईझ कोहेन. सेरेस गावी ज्यू कुटुंबात जन्मलेला हा तरुण १९०९ मध्ये हॅम्बुर्गच्या झायोनवादी (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी राष्ट्रीय निवासस्थान मागणाऱ्या चळवळीच्या) अधिवेशनाला हजर होता. पुढे त्याने तेकिनाल्प हे तुर्की नाव धारण केले, आणि तो तुर्की राष्ट्रवादाच्या आघाडीच्या प्रचारकांपैकी एक बनला. तिसरा डेव्हिड बेन-गुरियन. पोलंडमधून पॅलेस्टाइनमध्ये आलेला हा कार्यकर्ता १९१२ मध्ये कायदा शिकण्यासाठी इस्तंबूलला गेला. डोक्यावर लाल फेज टोपी घातलेले त्याचे त्या काळातले छायाचित्र प्रसिद्ध आहे. ऑटोमन नागरिक होऊन, त्याच संसदेत बसून ज्यूंचे हित साधता येईल, असा त्याचा तेव्हा हिशेब होता. १९१५ मध्ये ऑटोमन सत्तेनेच त्याला हद्दपार केले.

या तिघांपैकी प्रत्येकासाठी वहीचे एक पान राखून ठेवावे आणि त्याने स्वतःला कोणत्या वर्षी काय म्हणवून घेतले, हे त्यावर नोंदवावे. राष्ट्रवाद ही रक्तातून येणारी गोष्ट आहे, असे मानणाऱ्याला या तीन पानांचे उत्तर देणे अवघड जाते. अभ्यासमंडळात वाचन चालू असेल, तर एकेका सदस्याने एकेक चरित्र घ्यावे आणि १९१४ या वर्षावर थांबून तिघांनी परस्परांना प्रश्न विचारावेत. चर्चा हमखास रंगते.

१९१४ पूर्वीचा वाद वगळू नये

त्या काळी सर्वत्र सलोखा होता, असे मात्र समजू नये. झायोनवादी चळवळीचा प्रवर्तक थिओडोर हर्झल याच्या पुढाकाराने १८९७ मध्ये बाझेल येथे पहिले झायोनवादी अधिवेशन भरले. दोनच वर्षांनी, मार्च १८९९ मध्ये, जेरुसलेमचे माजी महापौर युसुफ दिया अल-खालिदी यांनी फ्रान्सचे प्रमुख रब्बी झादोक काहन यांच्यामार्फत हर्झलला पत्र पाठवले. ज्यूंचे त्या भूमीशी असलेले ऐतिहासिक नाते त्यांनी नाकारले नाही, परंतु तेथे लोक राहतात, हे स्पष्टपणे सांगितले. हर्झलचे उत्तर त्याच महिन्यात आले. ज्यूंच्या भांडवलामुळे आणि उद्यमशीलतेमुळे स्थानिकांचीही भरभराट होईल, असा त्याचा सूर होता. पत्र राजकीय हक्कांच्या चिंतेतून लिहिलेले होते आणि उत्तर जमिनीच्या भावाचे होते. पुढच्या शतकभरात हीच देवघेव निरनिराळ्या तोंडून पुन्हा ऐकू येते, म्हणून ही दोन पत्रे सलग वाचावीत.

१९०८ नंतर वृत्तपत्रांवरचे निर्बंध सैल झाले. हैफातून ‘अल-कर्मिल’ आणि १९११ पासून याफातून ‘फलस्तीन’ ही पत्रे निघू लागली. त्याच वर्षी जेरुसलेम आणि दमास्कसच्या प्रतिनिधींनी ऑटोमन संसदेत जमीन खरेदीचा आणि ज्यू वसाहतींचा प्रश्न मांडला. तेव्हा बोलणाऱ्यांमध्ये दमास्कसचे शुकरी अल-असली होते. तुर्क राज्यकर्त्यांना त्या वेळी अधिक चिंता बाल्कन प्रदेशाची होती, आणि १९१२-१३ च्या युद्धांत साम्राज्याचा बहुतेक युरोपीय भाग गेल्यावर ती खरी ठरली. जानेवारी १९१३ च्या बंडाने सत्ता ‘ऐक्य आणि प्रगती’ समितीच्या, म्हणजे तरुण तुर्कांच्या संघटनेच्या, मूठभर नेत्यांच्या हाती एकवटली. त्याच जूनमध्ये पॅरिसला अरब काँग्रेस भरली, आणि तिची मागणी विकेंद्रीकरणाची होती, स्वातंत्र्याची नव्हती. ही नोंद तांबड्या शाईने करून ठेवण्यासारखी आहे.

नकाशा त्या काळातला हवा

आजचा नकाशा बाजूला ठेवून ऑटोमन प्रांतांचा नकाशा समोर घ्यावा. ज्याला आपण पॅलेस्टाइन म्हणतो, तो प्रशासकीयदृष्ट्या एकसंध घटक नव्हता. दक्षिणेचा जेरुसलेम जिल्हा थेट इस्तंबूलच्या अखत्यारीत होता, तर उत्तरेकडचे नाबलुस आणि अक्का बैरूत प्रांतात होते. हे लक्षात घेतल्याशिवाय पुढे येणाऱ्या हुसेन-मॅकमहोन पत्रव्यवहारावरचा वाद कळत नाही. तारखांच्या बाबतीतही सावध असावे, कारण एकाच घटनेसाठी हिजरी, ऑटोमन सरकारी आणि ग्रेगोरियन अशा तीन तारखा भेटतात. एप्रिल १९०९ मधील बंडाला ‘३१ मार्चची घटना’ म्हणतात, ते त्यामुळेच.

प्रत्येक कागदासाठी चार रकाने

महायुद्धातील कागदपत्रे हा अभ्यासाचा गाभा आहे. प्रत्येक कागदासाठी चार रकाने आखावेत : कोणी लिहिले, कोणाला लिहिले, कधी लिहिले, आणि तो इतरांना केव्हा कळला. चौथ्या रकान्याकडे बहुतेक वाचक दुर्लक्ष करतात, आणि खरी मेख तिथेच असते.

मक्केचा शरीफ हुसेन आणि इजिप्तमधील ब्रिटिश उच्चायुक्त हेन्री मॅकमहोन यांच्यातील पत्रव्यवहार जुलै १९१५ ते मार्च १९१६ या काळातला आहे. २४ ऑक्टोबर १९१५ च्या पत्रात दमास्कस, होम्स, हमा आणि अलेप्पो यांच्या पश्चिमेकडील प्रदेश वगळून अरब स्वातंत्र्याला पाठिंबा देण्याचे वचन आहे. पॅलेस्टाइनचे नाव त्यात कोठेही नाही. तो प्रदेश वगळलेल्या भागात येत होता, असे ब्रिटिशांनी पुढे सांगितले. अरबांनी ते मानले नाही, आणि नकाशावर पट्टी ठेवून पाहिल्यास दमास्कसच्या पश्चिमेला लेबनॉनचा भाग येतो, हे कोणालाही दिसते. ब्रिटिश सरकारने हा पत्रव्यवहार अधिकृतरीत्या प्रसिद्ध केला तो थेट १९३९ मध्ये.

मे १९१६ च्या साइक्स-पिको करारात ब्रिटन आणि फ्रान्सने हाच भूभाग आपसांत वाटून घेतला आणि पॅलेस्टाइनसाठी आंतरराष्ट्रीय प्रशासन ठरवले. पुढच्याच महिन्यात शरीफ हुसेनने तुर्कांविरुद्ध उठाव केला. करार त्याच्या हाती नव्हता. नोव्हेंबर १९१७ मध्ये रशियातील बोल्शेविकांनी तो उघड केला. त्याच महिन्याच्या २ तारखेला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी ब्रिटनमधील ज्यू पुढारी लॉर्ड रॉथशिल्ड यांना ते प्रसिद्ध पत्र, म्हणजे बाल्फोर जाहीरनामा, लिहिले होते. त्यातले ६७ शब्दांचे मुख्य वाक्य सावकाश वाचावे. ज्यूंसाठी ‘राष्ट्रीय निवासस्थान’, आणि इतरांसाठी केवळ नागरी व धार्मिक हक्क; त्यांच्या राजकीय हक्कांचा उल्लेख नाही. १९२२ च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे साडेसात लाख लोकसंख्येत ज्यू सुमारे ८४ हजार होते. बहुसंख्याकांचे नाव न घेता त्यांना ‘ज्यूएतर समाज’ म्हणणारा हा मजकूर आहे, हे आकड्यांवरून कळते.

याच टप्प्यावर सिरियातील ऑटोमन सेनापती जमाल पाशा याचे पान उघडावे. ६ मे १९१६ रोजी त्याने बैरूत आणि दमास्कस येथे अरब पुढाऱ्यांना जाहीर फाशी दिली. त्यांत मुसलमान होते, ख्रिस्ती होते, आणि संसदेत बोलणारे शुकरी अल-असलीही होते. १९१७ च्या वसंतात त्यानेच याफा आणि तेल अवीवमधील ज्यूंना घरे सोडायला लावली. अनातोलियात १९१५ पासून आर्मेनियनांचा संहार चालू होता, आणि त्याला बगल देऊन लिहिलेला या काळाचा कोणताही इतिहास अपुरा मानावा. तरीही हजारो अरब सैनिक अखेरपर्यंत ऑटोमन सैन्यात लढत राहिले. ‘अरबांनी तुर्कांच्या पाठीत खंजीर खुपसला’ आणि ‘सारे अरब तुर्की जुलमाविरुद्ध उठले’ ही दोन्ही वाक्ये पुढच्या काळातील शाळांची देणगी आहे.

आपला चष्मा ओळखावा

मराठी वाचकाचे या काळाशी नाते आहे, पण त्याचा आधार जपून घ्यावा. एप्रिल १९१६ मध्ये इराकमधील कुट येथे तुर्कांना शरण गेलेली सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणून ओळखली जात होती, आणि १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तीत होत्या. त्यातील कित्येक जवान कैदेत मेले. हा ताम्रपट आपला आहे खरा, पण ते सैन्य ब्रिटिशांच्या हेतूंसाठी गेले होते.

खिलाफत चळवळीची गुंतागुंत अधिक आहे. तिची अखिल भारतीय समिती मुंबईत होती, अध्यक्ष मुंबईचे व्यापारी मियाँ मोहम्मद छोटानी होते. अरब भूमी खलिफाच्या, म्हणजे ऑटोमन सुलतानाच्या, छत्राखाली राहावी, अशी तिची मागणी होती, आणि त्याच वेळी मक्केचा शरीफ त्या खलिफाविरुद्ध लढून मोकळा झालेला होता. याला जोडून तेव्हाचे भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांचे पान तयार करावे. मराठी विद्यार्थ्याला ते माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे ठाऊक असतात. ते स्वतः ज्यू होते आणि त्यांनी १९१७ मध्ये बाल्फोर जाहीरनाम्याला मंत्रिमंडळात कडाडून विरोध केला, कारण ज्यूंचे राष्ट्र दुसरीकडे आहे असे ठरले तर इंग्लंडमधील ज्यू परके ठरतील, अशी त्यांना भीती होती. मार्च १९२२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला, तो तुर्कस्तानला अनुकूल अटी मागणारी भारत सरकारची तार प्रसिद्ध करू दिल्याबद्दल. ती तार पाठवणारे व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग हेही ज्यू होते. ‘ज्यू विरुद्ध मुसलमान’ या चौकटीत हा प्रसंग बसवून पाहावा; तो बसत नाही.

युद्धानंतरची वर्षे

जानेवारी १९१९ मध्ये शरीफ हुसेनचा मुलगा अमीर फैसल आणि झायोनवादी नेते खाइम वाइझमन यांनी परस्पर सहकार्याचा करार केला. मात्र अरबांना स्वातंत्र्य मिळाले तरच तो बंधनकारक राहील, अशी अट फैसलने खाली अरबीत लिहिली. मार्च १९२० मध्ये दमास्कसच्या काँग्रेसने फैसलला सिरियाचा राजा घोषित केले आणि २४ जुलै १९२० रोजी मैसलूनला फ्रेंचांनी ते राज्य मोडले. पॅलेस्टाइनच्या मँडेटला (ब्रिटनकडे सोपवलेल्या कारभाराला) राष्ट्रसंघाची मंजुरी २४ जुलै १९२२ ची, लोझानचा तह २४ जुलै १९२३ चा. परीक्षार्थींची सोय इतिहासाने क्वचितच इतकी पाहिली असेल.

लोझानसोबत वाचायचा कागद म्हणजे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरवणारा जानेवारी १९२३ चा करार. निकष धर्माचा होता. म्हणून अनातोलियातले तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसला पाठवले गेले आणि क्रीटमधले ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानला. माणसे हलवून राष्ट्र ‘शुद्ध’ करता येते, हा विचार येथे आंतरराष्ट्रीय मान्यतेने कायदा बनला.

एवढे झाल्यावरच पुढच्या काळाकडे वळावे, आणि तेथेही चार रकान्यांची शिस्त सोडू नये. १९३९ मध्ये तुर्कस्तानात सामील झालेला हताय प्रांत, जून १९४१ मध्ये बगदादच्या ज्यूंवर झालेला ‘फरहूद’ हा हल्ला, १९४२ चा तुर्कस्तानातील, मुख्यतः बिगर-मुसलमानांवर पडलेला संपत्तीकर, १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनींचे विस्थापन आणि १९५०-५१ मध्ये इराक सोडून गेलेले लाखाहून अधिक ज्यू, या प्रत्येकासाठी स्वतंत्र पान ठेवावे. यांपैकी एका पानाचा उपयोग दुसरे पान खोडण्यासाठी करण्याचा मोह अनेकांना होतो. वही तपासताना अशी खाडाखोड आधी शोधावी.