जुन्या ख्रिस्ती संतचरित्राचा लेखक आणि त्याची अस्सलता कशी तपासावी

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतील एखाद्या संताचे चरित्र अभ्यासाला घेतले की दोन प्रश्न आरंभापासून वेगळे ठेवावेत. ते कोणी लिहिले हा एक, आणि त्यात सांगितलेले कितपत घडले हा दुसरा. पहिला संन्यासी मानल्या गेलेल्या पौलाचे चरित्र चौथ्या-पाचव्या शतकातील लॅटिन धर्मपंडित जेरोम यानेच लिहिले याबद्दल शंका नाही, कारण आपल्या ग्रंथांच्या यादीत त्याने स्वतःच ते नोंदवले आहे. तरीही असा पौल खरोखर होऊन गेला का, याविषयी अभ्यासकांना दाट शंका आहे.

आधी आपल्या हाती नेमकी कोणती संहिता आहे हे निश्चित करावे, कारण एकाच संताची चार-चार चरित्रे असतात. बोलांडिस्ट नावाने ओळखल्या जाणाऱ्या येशूसंघी (जेझुइट) विद्वानांनी 1643 पासून संतचरित्रांचे खंड प्रसिद्ध केले आणि ग्रीक, लॅटिन व पौर्वात्य भाषांतील संहितांच्या क्रमांकवार सूची तयार केल्या. तो क्रमांक टिपून ठेवावा. मुंबईकरांनी फोर्टमधील एशियाटिक सोसायटी आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातील हेरास संस्था येथे चौकशी करावी. जुने खंड इंटरनेटवरही मिळतात.

हस्तलिखिताच्या शीर्षकातले नाव हा फार तर नकलकाराचा दावा समजावा. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या आहेत हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला याचे कारण सांगावे लागणार नाही. म्हणून लेखकाचे नाव बाहेरच्या कोणी, किती काळाने सांगितले ते पाहावे. कार्थेजचा बिशप सिप्रियन 258 मध्ये मारला गेला. त्याच्या चरित्रात लेखकाचे नाव नाही, आणि तो पाँटियस नावाचा डीकन (धर्मगुरूंचा सहायक) होता हे आपल्याला सुमारे 130 वर्षांनंतरच्या जेरोमकडून कळते. याउलट 356 मध्ये वारलेल्या इजिप्तमधील संन्यासी अँथनीचे चरित्र अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याने लिहिले, असे नाझियान्झसचा धर्मपंडित ग्रेगरी त्याच शतकात सांगतो. एवढी जवळची साक्ष असूनही सिरियाक (पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांची एक जुनी भाषा) पाठ ग्रीकहून वेगळा असल्यामुळे 1980 च्या दशकात हा वाद पुन्हा उभा राहिला, यावरून भाषांतरांचे पाठ ताडून पाहणे किती गरजेचे आहे ते दिसते.

त्यानंतर मजकुराच्या आत शिरावे. गाझाचा बिशप पोर्फिरी 420 मध्ये वारला. त्याचा शिष्य मार्क आपण सारे डोळ्यांनी पाहिले असे म्हणतो. पण ग्रीक चरित्राच्या प्रस्तावनेत थिओडोरेट या बिशपच्या सुमारे 444 मधील ग्रंथातला मजकूर उचललेला आहे. अर्थात निदान ही प्रस्तावना तरी नंतरची ठरते. मात्र तेवढ्यावरून संपूर्ण चरित्र बनावट म्हणणे घाईचे होईल, कारण जुन्या गाभ्यावर नंतरच्या हाताने प्रस्तावना चढवलेली असू शकते.

उसना मजकूर दरवेळी असा सहज सापडत नाही. दमास्कसच्या योहान या धर्मपंडिताच्या नावावर दीर्घकाळ राहिलेल्या, साधू बारलाम आणि त्याने ख्रिस्ती केलेला भारतीय राजपुत्र जोसाफत यांच्या कथेत दुसऱ्या शतकातील ॲरिस्टायडीसचे ख्रिस्ती धर्माचे समर्थन जवळजवळ जसेच्या तसे दडलेले होते, आणि 1889 मध्ये सिनाईच्या मठात त्याचा सिरियाक पाठ सापडेपर्यंत ते कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. ही कथा मुळात बुद्धचरित्रावरून आलेली आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कुतो याने आपल्या कान्हेरीच्या भेटीविषयी लिहिले आहे. ही लेणी कोणी खोदली असे विचारता एका वृद्धाने त्याला सांगितले की, जोसाफतला एकांतात वाढवण्यासाठी त्याच्या पित्याने ती करवली. त्यावरून जोसाफत म्हणजेच बुद्ध असावा, असे दो कुतोने मांडले.

त्याचा तर्क बरोबर निघाला, पण ही साक्ष ग्राह्य धरता येत नाही. वृद्धाच्या तोंडी जोसाफत हे नाव आहे, म्हणजे ख्रिस्ती कथा त्याच्यापर्यंत आधीच पोचलेली होती; आणि कान्हेरीतील शिलालेख तर सोपारा, कल्याण येथील व्यापाऱ्यांनी भिक्षुसंघाला दिलेल्या दानांविषयी बोलतात. म्हणून स्थानिक परंपरा चरित्राला दुजोरा देते असे दिसले, की ती त्याच चरित्रातून निघालेली नाही ना, हे तपासल्याशिवाय ती पुरावा म्हणून नोंदवू नये.