ताप उतरला, पण लघवी कोकमासारखी: काय तपासायचं

व्हायरल ताप किंवा घसादुखीनंतर लघवी कोकम सरबतासारखी नाहीतर कोऱ्या चहासारखी झाली, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसू लागली, तर किडनीतल्या गाळण्या सुजलेल्या असू शकतात. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, एवढं आठवा आणि लॅब गाठा.

आधी दिवस मोजा. घसा धरल्यापासून दोन-तीन दिवसांतच लघवी लाल झाली, तर आयजीए नेफ्रोपॅथीची, म्हणजे गाळण्यांत आयजीए हे प्रतिद्रव्य साचून होणाऱ्या किडनीच्या आजाराची शंका जास्त. १ ते ३ आठवड्यांनी झाली, तर बऱ्याचदा मूळ कारण विषाणू नसतो, स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू असतो. म्हणून डॉक्टर रक्तात क्रिएटिनिनबरोबर (किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा) सी३ (प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन), एएसओ (स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गाची खूण) आणि हेपटायटिस बी-सी पाहतात.

खरी गडबड होते ती लघवीच्या नमुन्यात. सकाळची पहिली लघवी घ्या. सुरुवातीची धार सोडून मधली, लॅबच्या निर्जंतुक डबीत. तासाभरात ती तपासायला लागली पाहिजे. विरारहून डबी पर्समध्ये घालून दादरला आणली, तर उकाड्यात रक्तपेशी फुटतात, कास्ट (किडनीच्या बारीक नळ्यांत तयार होणारे सूक्ष्म साचे) विरघळतात आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. त्यापेक्षा लॅबमध्येच नमुना द्या. पाळी चालू असेल तर तसं सांगा. नुसती पट्टी बुडवून भागत नाही, मायक्रोस्कोपी हवीच: ‘आरबीसी कास्ट’ (लाल रक्तपेशींचे साचे) हे दोन शब्द दिसले, की रक्त गाळण्यांतूनच येतंय. लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर मोठ्या माणसात ०.२ च्या आत असावं.

घरी रोज बीपी आणि एकाच काट्यावर वजन लिहून ठेवा. लघवी मापाच्या भांड्यात मोजा. मोठ्या माणसाची २४ तासांत ४०० मिलीच्या खाली गेली, दम लागला किंवा डोकं ठणकून अंधारी आली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. मुंबईत केईएम, नायरमध्ये नेफ्रोलॉजी (किडनीच्या आजारांचा) विभाग आहे.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे स्वयंपाकातलं धरून सपाट एक छोटा चमचा. पापड, लोणचं, फरसाण, सुकट बंद. सूज असताना ‘भरपूर पाणी पी’ हा शेजारचा सल्ला उलटतो. पाणी किती, ते डॉक्टर ठरवतील. शहाळंही नको, त्यात पोटॅशियम असतं. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका. लागलीच तर पॅरासिटामॉल, तीही विचारून.

सी३ कमी आलं असेल तर ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा करा. तरीही कमीच राहिलं तर बायोप्सीचा, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा विषय निघतो. सूक्ष्म रक्तपेशी मात्र लघवीत काही महिने रेंगाळतात. क्रिएटिनिन, बीपी आणि प्रोटीन ठीक असतील तर त्यासाठी दर आठवड्याला लॅबच्या खेपा नकोत.