पीएम ई-ड्राइव्हचं व्हाउचर येत नव्हतं, शेवटी असं आलं (माझा अनुभव)

इलेक्ट्रिक स्कूटर बुक केली, पैसे भरले, पण पीएम ई-ड्राइव्ह म्हणजे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या योजनेतल्या सबसिडीच्या ई-व्हाउचरची (सबसिडी मिळवायचा ऑनलाइन कागद) लिंक मोबाईलवर येईचना. डीलरचा पोरगा रोज तेच सांगायचा, "सर, सर्व्हर डाऊन आहे".

आधी केलेले उद्योग म्हणजे फोन बंद-चालू केला, सिम काढून घातलं, डीएनडी (जाहिरातीचे मेसेज अडवणारी सेवा) काढलं, दोनदा शोरूमला चक्कर मारली, उपयोग शून्य. आठ दिवस नुसतं डोकं फिरलं होतं.

घोळ भलताच निघाला, माझ्या आधारला लागलेला नंबर जुना, म्हणजे कधीच बंद पडलेला, आणि हे व्हाउचर आधार पडताळणीवरच निघायचं.

मग असं केलं: आधी आधारच्या साइटवर 'व्हेरिफाय मोबाईल' मध्ये नंबर टाकून बघितला, जुळला नाही. मग आधार केंद्रात जाऊन अंगठा देऊन नवा नंबर लावला, पावती जपून ठेवली. अपडेट झाल्याचं साइटवर दिसलं तेव्हाच शोरूमला गेलो (त्याआधी जाऊ नका, हेलपाटा होतो) आणि पडताळणी पहिल्यापासून करायला लावली, चेहरा स्कॅन करताना चष्मा काढला. लिंक आली, व्हाउचर डाउनलोड करून सही केली, डीलरने सही करून पोर्टलवर चढवलं, मग सही झालेलं व्हाउचर एसएमएसने आलं.

बिलावर सबसिडीची ओळ वेगळी बघा. 2025-26 ला बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॅट-अवरला 2500 रुपये सबसिडी होती, पण एका स्कूटरला कमाल 5000, म्हणून माझ्या 3 किलोवॅट-अवरच्या बॅटरीला 7500 नाही, 5000च वजा झाले. आणि सबसिडी एका आधारवर एकाच गाडीला होती.